विलायतेतली बाळंतिणीची खोली

धसई, ८ मे १९३९

कुंडलिक,

आशीर्वाद लिहितो. घ्यावासा वाटला तर घे.

परवा शनिवारी शहापूरच्या वाचनालयात तुझं व्याख्यान झालं, त्याला मी होतो. अगदी मागच्या बाकावर, दाराशी. गिरणीचा पट्टा तुटला म्हणून शेठनी मला शहापूरला पाठवलं होतं. पट्टा घेऊन मोटारीची वाट बघत होतो, तेवढ्यात वाचनालयाच्या फळ्यावर तुझं नाव दिसलं. खाली खडूनं लिहिलं होतं, राणी एलिझाबेथच्या काळातील इंग्रजांचा घरसंसार. मी मोटार जाऊ दिली.

जानेवारीत बहिणीला, सुंदराला, पोचवून तू मसणवट्यातूनच परस्पर पुण्याला गेलास, त्यानंतर तुला पाहिलं ते आता. बारीक झाला आहेस. पण बोललास चांगलं. लोकांना हसवलंस. साहेबाचे पूर्वज हातानं जेवायचे, काटा म्हणजे चैन समजायचे. जमिनीवर लव्हाळं अंथरायचे आणि तेच दिवसचे दिवस ठेवायचे. साखर खाऊन श्रीमंतांचे दात काळे पडायचे. नाटकात बाईचं काम पोरं करायची. माझ्या पुढच्या बाकावरचे वकील शेजाऱ्याला म्हणाले, "हे तर आपलेच गाववाले निघाले हो, थंडीतले." मीही हसलो. मुलगा बोलतो आहे आणि सभा हसते आहे याचं मला बरं वाटत होतं, हे खोटं कशाला सांगू.

मग तू बाळंतिणीच्या खोलीवर आलास.

पडदे टाकून खिडक्या बंद करायच्या. दाराच्या कुलपाचं भोकसुद्धा बोळा घालून बुजवायचं, वारा येऊ नये म्हणून. आत शेकोटी पेटती ठेवायची. उजेड मेणबत्तीचा. आत फक्त बायका, नवरा बाहेर. मांडीला ताईत म्हणून दगड बांधायचा. अंडं आणि मसाला घातलेलं कढत पेय पाजायचं. मूल पट्ट्यांनी घट्ट गुंडाळायचं. महिनाभर असं ठेवायचं, आणि महिन्यानंतर बाई डोक्यावरून कापड घेऊन देवळात जायची. एलिझाबेथच्या आधीची त्यांची एक राणी युवराजाला जन्म देऊन बाराव्या दिवशी गेली, हेही तू सांगितलंस. मग पाणी प्यायलास आणि कुणी कोणते कपडे घालायचे त्या कायद्यांकडे वळलास.

त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही. लोक हसत होते, त्यावरून तू गमतीचं काही सांगत असशील. मांडीवर पट्टा आहे की काय आहे, तेही मला कळेना. ती आमची खोली होती, कुंडलिक. आपल्या घरातली, परसाकडची, सुंदराचं बाळंतपण झालं ती. तिथं खिडकीला गोणपाट नव्हतं, पडदे होते, एवढाच फरक.

जानेवारीत तू ते गोणपाट खिडकीवरून ओढून काढलंस, तेव्हा म्हणाला होतास, "इंग्रजाच्या देशात जनावरालासुद्धा असं कोंडत नाहीत." आत्या म्हणाली, "मग जा इंग्रजाच्या देशात," आणि गोणपाट परत लावलं. तिसऱ्या दिवशी सुंदरा गेली. बाळ तिच्या आधीच गेलं होतं. चितेपुढे सगळ्या गावासमोर तू आत्याला म्हणालास, "तू मारलीस तिला." तुमची आई गेल्यावर तुम्हा दोघांना जिनं वाढवलं, तिला म्हणालास.

तेव्हा मी काही बोललो नाही. आताही त्यावर बोलत नाही. एकच विचारायचं आहे. इंग्रजही हेच करायचे, हे तू कधी वाचलंस? जानेवारीच्या आधी की नंतर? आधी ठाऊक असून तू ते बोलला असशील तर मला तुझी भीती वाटते.

व्याख्यान संपल्यावर तुझ्याभोवती माणसं जमली. मी भेटलो नाही. रात्र मोटारतळावर काढली आणि सकाळी आलो.

दुसरी गोष्ट. जनीला दिवस गेले आहेत, तू बाप होणार आहेस. गणपतीच्या सुमारास होईल. तू तिला पत्र टाकत नाहीस म्हणून तिनं मला कळवू दिलं नव्हतं. आज तिला न विचारता लिहितो आहे. तिला आई नाही. माहेरी वैशाखऱ्याला बाप आणि दोघे भाऊ, बाईमाणूस कुणी नाही. त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही ते माहेरी होणार नाही. इथंच होईल. त्याच खोलीत आणि आत्याच्याच हातून. आत्यानं गोणपाट धुऊन ठेवलं आहे.

तुझा आबा


धसई, ३० मे १९३९

कुंडलिक,

तुझं उत्तर नाही. तरी लिहितो, कारण हे पत्र माझं नाही. आत्यानं लिहायला लावलं आहे.

गोणपाट काढ, असं तिला सांगण्याची माझी प्राज्ञा नाही. पंचवीस वर्षं गावातल्या निम्म्या पोरांना तिनं हातावर घेतलं आहे. म्हणून मी वेगळ्या वाटेनं गेलो. ती ओटीवर तांदूळ पाखडत होती. मी सहज म्हणून सांगायला लागलो, एका गावात बाळंतिणीला कसं ठेवतात ते. गाव कोणतं ते सांगितलं नाही.

खिडक्या बंद करतात म्हटलं, तर मान डोलावली. दाराचं भोक बुजवतात म्हटलं, तर सूप थांबवून म्हणाली, "बघ. आपल्याकडं कोनाला सुचलं का? पुढच्या टायमाला मीबी बुजवीन." मला वाटलं, आता थांबावं. पण पुढं सांगत गेलो. शेकोटीवर ओवा टाकतात का, तिनं विचारलं. ते मला ठाऊक नव्हतं. कढत पेयात अंडं घालतात म्हटल्यावर हसली. "अंडं? मग बामन नायत. आपल्यातलेच असतील." मांडीचा ताईत तिला फार पटला. महिन्यानंतर देवळात नेतात, तेही पटलं. मग म्हणाली, "चांगल्या चालीची मानसं हायत. कंचं गाव रे, सावळाराम?"

मी सांगितलं, विलायत. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीची.

आधी तिला वाटलं मी थट्टा करतो आहे. मी थट्टा करत नाही हे तिला माहीत आहे, तरी वाटलं. म्हणाली, "गोऱ्यांच्या बाया? त्या अंधारात बसत?" मी म्हटलं, कुंडलिकनं भरसभेत सांगितलं, मी कानांनी ऐकलं. त्यांची राणीसुद्धा अशाच खोलीत बाराव्या दिवशी गेली.

"बारशाच्या दिवशी?"

आपल्या हिशेबानं तोच दिवस, मी म्हटलं.

सूप तिनं खाली ठेवलं. "रानीच्या सुइनी तर चांगल्या असतील," एवढंच म्हणाली, आणि ते मला नव्हतं. मग विचारलं, "आता नाय करत तसं?" मी म्हटलं, नाही. हळूहळू त्यांनी खिडक्या उघडल्या.

तिचा चेहरा मी तुला कसा लिहून सांगू? आमची आई गेली तेव्हा मी तिच्या शेजारी होतो. तिचा नवरा गेला तेव्हाही होतो. असा चेहरा कधी पाहिला नव्हता. कुणीतरी मागून हाक मारावी आणि वळून बघावं तर कुणीच नसावं, तशी ती बसली होती.

मग म्हणाली, "उघडल्या, तवा त्या म्हाताऱ्या काय बोलल्या?"

मी विचारलं, कोणत्या?

"ज्यांनी आदी बंद केल्या होत्या त्या. पोरी मेल्या असतील ना त्यांच्या हातून. मग कोनीतरी येऊन सांगितलं असंल, उघडा आता, बंद करायचीच नव्हती. तवा त्या काय बोलल्या?"

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नीट जेवली नाही. काल मला म्हणाली, "त्याला लिव आन विचार. येवढी बुकं वाचलीत त्यानं. त्या म्हाताऱ्यांचं काय झालं?"

गोणपाटाचं ती काही बोलत नाही. मला आत्ता कळतं आहे ते असं की, जनीची खिडकी उघडायची तर तिला आधी सुंदराचं उत्तर द्यावं लागतं. खिडकी बंद राहिली तरच ती सुंदराच्या वेळी बरोबर होती. ते गोणपाट ती त्यासाठी धरून आहे. जनी मधल्यामध्ये आहे, आणि तिच्या पोटातलं.

तुझं आणि आत्याचं जे व्हायचं ते होवो. या प्रश्नाचं उत्तर मात्र पाठव.

आबा


धसई, २० जुलै १९३९

कुंडलिक,

पत्र पोचलं. काळू नदीला पाणी होतं म्हणून टपाल मुरबाडला अडकलं होतं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मी तीनदा वाचलं. तू हे सगळं जानेवारीनंतर वाचलंस. तुला अभ्यासाला त्यांची जहाजं आणि व्यापार दिला होता, आणि तू कॉलेजच्या ग्रंथालयात बसून त्यांच्या बाळंतिणी शोधत होतास. कुठल्यातरी पुस्तकात असं निघेल की आपली तेवढी चूक, जगात दुसरं कुणी एवढं मूर्ख नव्हतं, म्हणून शोधत होतास, आणि निघालं ते हे. ग्रंथालयात तू पुस्तक मिटून बाहेर येऊन बसलास, असं लिहितोस. शहापूरला ते तोंडातून कसं बाहेर पडलं तुला कळलं नाही, म्हणतोस. मला वाटलं होतं, तू ते पाठ केल्यासारखं बोलून गेलास. माझी भीती गेली. तिच्या जागी काय आलं ते सांगता येत नाही.

आत्याच्या प्रश्नाला तू एक ओळ लिहिलीस. "मला माहीत नाही. पुष्कळ शोधलं, पण त्या म्हाताऱ्यांबद्दल मला कुठंच काही सापडलं नाही."

ती मी तिला वाचून दाखवली. तिनं परत वाचायला लावली. मग जनीकडं वळून म्हणाली, "ऐकलंस गो? कुंडल्याला म्हाईत नाय. चौथीत होता तवापासून मला शिकवतोय, चुलीत लाकडं कशी घालायची ते. आज म्हनतो म्हाईत नाय." जनी हसली. आत्याही हसली आणि हसता हसता पदर तोंडाला लावून आत गेली.

जनीला कल्याणच्या इस्पितळात न्या, असं तू लिहिलंस. मी तिला विचारलं. आधी तर ती म्हणाली, सहा महिन्यांत त्यांना माझी आठवण झाली नाही, आता इस्पितळाची झाली. ते तुला लिहू का विचारलं, तर म्हणाली लिहा. म्हणून लिहिलं. कल्याणला ती जाणार नाही. नदी उतरेपर्यंत गाडीचाही भरवसा नाही.

पण नंतर ती जे आत्याशी बोलली, ते तुला कळलं पाहिजे. जनी माझ्यासमोर कधी मोठ्यानं बोलत नाही. त्या दिवशी मी ओटीवर होतो आणि दोघी स्वयंपाकघरात. मी ऐकतो आहे हे दोघींनाही ठाऊक होतं.

जनी म्हणाली, "आत्या, मी तुमच्याच हातात येईन. दुसऱ्या कोनाच्या नाय. पन मला उजेड पायजे."

आत्या म्हणाली, "वारं बाधतं पोरी."

"बाधू दे. मला तुमचं तोंड दिसलं पायजे. वन्सं शेवटच्या दिवशी आत्या, आत्या करून हाका मारत होत्या. तुमी त्यांच्या उशाशी होता. धूर होता, अंधार होता. तुमी बोलत होता, तरी त्यांना वाटत होतं तुमी गेलात. मी पायथ्याशी होते. त्यांना तुमी दिसतच नव्हता."

 

त्या हाका मलाही ऐकू आल्या होत्या. मी बाहेर होतो. मला वाटलं, आत्या घटकाभर बाहेर गेली असेल, येईल. ती तिथंच होती, हे मला आज कळलं. सहा महिने एका घरात राहून आज कळलं. आपल्या घरात माणसं बोलत नाहीत, हे मी शहाणपण समजत आलो.

आत्यानं जनीला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. शेणानं खोली सारवून घेतली आहे.

तुझा आबा


धसई, १६ सप्टेंबर १९३९

कुंडलिक,

तार मुरबाडहून केली होती. ती पोचली असेलच. मुलगी झाली. जनी बरी आहे. ताप नाही. मी दिवसातून दोनदा विचारतो, तर आत्या माझ्यावर ओरडते, की मी तापाला बोलावतो आहे.

आता घडलं तसं सांगतो.

लढाई सुरू झाल्याची बातमी गिरणीत आली त्या आठवड्यात आत्या मला म्हणाली, "म्हंजे विलायतेवर आता बाँब पडतील? मग तिकडच्या बाळंतिनी कुठं जातील रे?" मी म्हटलं, देव जाणे. तिनं विचार केला आणि म्हणाली, "आता त्यांना उघड्या खिडकीत बसायची सवय झाली असंल." त्यानंतर दुपारी ती परसात गेली. मी गिरणीतून आलो तर गोणपाट खिडकीवर नव्हतं. आत्यानं ते काढून उंबऱ्याबाहेर पाय पुसायला टाकलं होतं. खिडकीला तिनं तिचं जुनं लुगडं लावलं होतं, विरलेलं, आरपार दिसणारं. शेगडी खोलीच्या दाराबाहेर ठेवली. ओवा आणि शेपा टाकायचं काही सोडलं नाही. विळाही उशाखाली आहेच. सटवीचा विश्वास धरता येत नाही, म्हणाली.

जनी गुरुवारी सकाळी बाळंतपणाला बसली. उन्हं होती. मी ओटीवर होतो. या वेळी मला आतलं सगळं ऐकू येत होतं, आणि एकदाही अंगावर काटा आला नाही. आत्या जनीला शिव्या देत होती, आणि जनी उलट बोलत होती. आपल्या घरात एवढी उलट कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. एकदा जनी म्हणाली, "तुमच्या कपाळावर घाम आलाय, तो पुसा आदी." मग दोघी हसल्या. मग मूल रडलं.

पुष्कळ वेळानं आत्या बाहेर आली. मला वाटलं, पानसुपारी मागेल. ती खिडकीखाली परसात जाऊन भिंतीला टेकून बसली. मी जवळ गेलो. तिचे हात धुतलेले होते आणि ती ते समोर धरून बघत होती.

मी म्हटलं, गोदू, सगळं नीट झालं ना?

ती म्हणाली, "येवढंच होतं?"

मला समजलं नाही. तिनं परत म्हटलं, "येवढंच होतं, सावळाराम? लुगडं लावायचं. येवढंच?"

मी तिच्या शेजारी बसलो. खिडकी उघडी असती तर सुंदरा जगली असती का, मला ठाऊक नाही. तुलाही नाही. राणीकडे कितीतरी वैद्य होते, तीही गेली. हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकलं. पण तिचं उत्तर त्यात नव्हतं.

सोमवारी, पंचवीस तारखेला बारसं आहे. बाळाच्या कानात नाव सांगायला बाळाची आत्या लागते. सुंदरानं सांगितलं असतं. ती नाही, तर घरातली मोठी आत्या म्हणून गोदूनंच सांगायचं, असं जनीचं म्हणणं आहे, आणि माझंही. गोदू ऐकत नाही. पाळण्याच्या दोऱ्या तिनंच वळल्या, गावात आमंत्रणं तिनंच केली, आणि नावाचं काढलं की उठून जाते. काल मी चिडलो. चिडलो म्हणजे आवाज चढवला. तेव्हा म्हणाली, "कुंडल्यानं सगळ्या गावासमोर सांगितलंय मी कोन ते. त्या तोंडानं पोरीच्या कानाला लागू?"

तू तिला क्षमा कर, असं मी म्हणत नाही. तिनं तुझ्याकडे ती मागितलेली नाही. तिनं एक प्रश्न विचारला होता, आणि तू खरं सांगितलंस की तुला माहीत नाही. त्या एका ओळीवर गोणपाट निघालं. मी दहा वर्षं सांगून ते निघालं नसतं. तेव्हा तुझ्या शब्दाला इथं किंमत आहे, हे तू आता समजून घे.

गावासमोर बोललास. गावासमोरच येऊन तिला म्हण, आत्या, माझ्या मुलीचं नाव सांग. बाकी काही बोलायची गरज नाही. इतिहासाचं तर नाहीच.

तू आला नाहीस तर पाळण्यात मूल घालू, घुगऱ्या वाटू, पण नाव राहील. गाव विचारेल. मी सांगेन, थांबलो आहोत.

कल्याणहून सकाळी मुरबाडची मोटार असते. मुरबाडला मी बैलगाडी घेऊन उभा राहीन, रविवारीही आणि सोमवारीही.

तुझा आबा